शेपूट तुटलेले बोये

३ मार्च

समितीने आज एक काम माझ्या गळ्यात मारलं आणि मी ते हसत हसत मारून घेतलं. नदी शहरातून वाहताना बाटल्या, पिशव्या, चपला, थर्माकोलचे तुकडे सगळं गोळा करते आणि मुखाशी पोहोचली की समुद्राच्या हवाली करून मोकळी होते. तिथून पुढे ते कुठे जातं याबद्दल प्रत्येकाला मत आहे, माहिती कुणालाच नाही. नगरपालिकेकडे एक तरंगता बांध आला आहे. पोकळ नळ्यांची लांबलचक माळ, तिच्याखाली पाण्यात लोंबणारं जाड कापड, वाहत आलेला कचरा त्याला अडतो. नदीच्या मुखावर आडवा टाकता येत नाही, बोटी जायच्या कुठून? म्हणून तो मुखाच्या उत्तरेला, शहराच्या किनाऱ्याकडे लावायचा, की दक्षिणेला खाडीकडे, हे मी सांगायचं. बांध एकच आहे.

"तुम्ही म्हणाल तिथे लावू," समितीच्या अध्यक्ष बाई म्हणाल्या. समुद्राच्या प्रवाहांचे हिशेब मांडण्यात माझी नोकरी संपत आली, पण इतक्या सरळ शब्दांत माझं ऐकायचं आजवर कुणी कबूल केलं नव्हतं. घरी येताना मी उगाचच लांबच्या रस्त्याने आलो.

दक्षिणेच्या खाडीत दादाची शिंपल्यांची शेती आहे. हे मुद्दाम लिहून ठेवतो. निर्णयाशी त्याचा काडीचा संबंध असणार नाही.

९ मार्च

दादा सकाळीच हजर. येऊन माझ्या खुर्चीत बसला. तो आला की ती खुर्ची त्याची होते, हे लहानपणापासूनचं आहे.

"तो बांध आमच्या बाजूला लाव की," म्हणाला.

"का?"

"का म्हणजे? बारकी नोकरी सोडून माझ्याबरोबर पाण्यात उतरलीय. निम्मे दोर नवे टाकलेत. कचरा येऊन गुंतला तर सगळं बसलंच म्हणायचं."

बारकी म्हणजे त्याची मुलगी. आता बापापेक्षा उंच झाली, तरी नाव बारकीच राहिलं. दोर म्हणजे तरंगणाऱ्या पिंपांना बांधून पाण्यात सोडलेले लांब दोर. त्यांना शिंपल्यांची पिल्लं चिकटतात आणि वाढतात. चांगला घड धरायला वर्षाहून जास्त लागतं.

कचरा तुझ्याकडे येईल हे कशावरून, मी विचारलं. तर म्हणे मोठी जहाजं खाडीसमोर कचरा टाकतात, सगळेच सांगतात. मी त्याला समजावलं. जहाजांचा मार्ग किती लांब आहे ते दाखवलं, तुझ्याकडे सापडणाऱ्या बाटल्यांवर आपल्याच शहरातल्या दुकानांची लेबलं असतात याची आठवण करून दिली. तो खुर्चीतून उठला. मला जरा जास्तच बरं वाटलं.

दाराशी चपला घालताना म्हणाला, "बरं, नसतील टाकत जहाजं. पण मी तुझा भाऊ आहे ना?"

"म्हणूनच नाही," मी म्हणालो.

ही आतून ऐकत होती. दादा गेल्यावर म्हणाली, "परक्या माणसाला तुम्ही इतकं तोडून बोलला नसता." परक्याने असं मागितलंच नसतं, असं मी तिला सुनावलं.

२१ मार्च

मुखातून बाहेर पडलेलं कुठे जातं ते कळावं म्हणून आज बोये सोडले. छान पिवळेधमक, कलिंगडाएवढे, पोटात जागा कळवणारं यंत्र. प्रत्येकाच्या खाली कापडाची लांब नळी लोंबते, तिला आम्ही शेपूट म्हणतो. शेपूट पाण्यात खोल धरून राहतं, त्यामुळे बोया पाण्याबरोबर जातो. शेपूट नसेल तर त्याचं वरचं अंग वाऱ्याला सापडतं आणि तो रिकाम्या डब्यासारखा वाट्टेल तिकडे ढकलला जातो. मग त्याचा रस्ता हिशेबात धरायचा नाही, असा आमच्या कामाचा नियम आहे.

ओहोटीबरोबर बोये मुखातून रांगेने बाहेर पडले. शाळा सुटल्यासारखे. बोटवाला म्हणाला, "परत येतील का हो सगळे?" मी म्हणालो, परत आले तर माझं काम बिघडेल.

६ एप्रिल

बारकीचा फोन. "काका, तुमचा एक पिवळा गोळा आमच्या दोरांत अडकलाय. घेऊन जा नाहीतर मी घराबाहेर शोभेला लावते."

बोटवाल्याला पाठवलं. शेपूट पार तुटलेलं. लाटांनी किंवा कुठल्या जाळ्यात अडकून तुटलं असणार. बाद.

१४ एप्रिल

आणखी काही बोये दादाच्या खाडीत. सगळे बिनशेपटाचे, सगळे बाद. बारकी म्हणते आता तिच्याकडे संच होत आलाय. शेपटं शिवणाऱ्या कारखान्याला कडक शब्दांत कळवलं पाहिजे, धागा अगदीच कच्चा आहे.

बाकीचे मात्र शहाण्यासारखे वागताहेत. मुखातून सरळ बाहेर, भूशिराला वळसा, मग बाहेरच्या मोठ्या प्रवाहाला लागून उत्तरेकडे. भरतीला त्यातले थोडे शहराच्या किनाऱ्याजवळ येऊन जातात. दक्षिणेला एकही नाही. आज संध्याकाळी नकाशावर रेषा काढल्या. इतकं स्वच्छ चित्र मी आजवर पाहिलं नाही. हिला दाखवायला घरी आणलं. तिने पाहिलं आणि विचारलं, "हे खाडीकडचं एवढं रिकामं कसं?" तिकडे काही जात नाही म्हणून रिकामं, मी म्हणालो.

११ मे

अहवाल दिला. बांध उत्तरेला.

सही करताना दादाचा चेहरा डोळ्यांसमोर आला, खोटं कशाला बोलू? पण रेषा उत्तरेला जात होत्या. उलट दक्षिणेला एखादी जरी गेली असती तरी मी तिला दहा वेळा तपासलं असतं, कारण तिथे माझा भाऊ आहे. कुणी बोट दाखवू शकणार नाही असं काम झालं आहे. बाईंनी अहवाल वाचून माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. "उत्तर? नक्की ना?" नक्की, मी म्हणालो.

१८ मे

दादाकडे जेवायला. मला वाटलं होतं तोंड फुगवून बसेल, पण नाही. मी त्याला नकाशा दाखवला, सगळं नीट सांगितलं. म्हणालो, "बांध तुझ्या बाजूला नाही कारण तुला त्याची गरजच नाही. तुझ्याकडे कचरा येणार नाही. पाहिजे तर लिहून देतो."

त्याने नकाशा बराच वेळ हातात धरला. मग शेजाऱ्याला हाक मारून बोलावलं, तोही शिंपलेवालाच, आणि माझ्यादेखत त्याला सगळं समजावलं. निम्मं चुकीचं समजावलं, पण अशा रुबाबात की मला मध्ये बोलवेना. "माझ्या भावाने हिशेब केलाय," हे वाक्य तीनदा आलं.

वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही म्हणता म्हणजे झालं. आता मला झोप लागेल." खूप हलकं वाटलं.

२ जुलै

बांध लागला. फोटो निघाले, त्यात मी कडेला अर्धा आलोय.

बारकी भेटली. सांगत होती, पाऊस आणि वारे जोर धरायच्या आधी खाडीतले बाकी सगळे आपले दोर आतल्या उथळ पाण्यात ओढून नेताहेत. तिथे शिंपले नीट वाढत नाहीत, पण आडोसा असतो. "बाबा म्हणाले आपण कशाला न्यायचे? काका आहे ना." हसत होती. मीही हसलो. घरी येऊन हिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही त्यांना दोर हलवू नका असं सांगितलंत?" तसं मी कुठे म्हटलं, कचरा येणार नाही एवढंच म्हटलं. त्यात आणि यात फरक आहे.

२६ ऑगस्ट

पाऊस जोरात. नदी तपकिरी. वारा आता समुद्रावरून, तिरका, जमिनीकडे वाहतो. मार्च-एप्रिलमध्ये तो जवळजवळ नव्हताच.

४ सप्टेंबर

बांधाची पाहणी. कचरा फारच कमी अडलाय. थोड्या पिशव्या, गवत, एक प्लास्टिकची खुर्ची. समितीतले एकजण म्हणाले बांध वाया गेला. मी त्यांना सांगितलं, बांध रिकामा म्हणजे किनारा स्वच्छ, कचरा सरळ बाहेरच्या प्रवाहाला लागला. त्यांना पटलं. मलाही पटलं.

बारकीचे दोन फोन येऊन गेले, बैठकीत असल्यामुळे घेता आले नाहीत. उद्या करतो.

९ सप्टेंबर

फोन राहिलाच. हिचं वहिनींशी बोलणं झालं. "आवाज बसलाय त्यांचा," म्हणाली, "आणि तुमची चौकशी केली नाही." सर्दी असेल.

१७ सप्टेंबर

खाडीवर जाऊन आलो. कसं लिहावं कळत नाही.

पाणी दिसतच नव्हतं. दादाच्या पिंपांभोवती बाटल्यांचा थर जमला होता, पार काठापर्यंत, आणि लाट आली की सगळा थर एकत्र वरखाली होत होता. बाटल्या, झाकणं, थर्माकोल, रिकामे डबे. दोर एकमेकांत पिळून गेलेत. त्या ओझ्याने पिंपं अर्धी बुडालीत, दोर घासून घासून शिंपल्यांचे घड तळाला गळून पडलेत. बारकी छातीपर्यंत पाण्यात उभी राहून सुरीने गुंता कापत होती. मला पाहिलं, मान हलवली आणि परत कापायला लागली. कपाळावर केस चिकटले होते, ते बाजूला करायलाही थांबत नव्हती.

पलीकडे आतल्या पाण्यात शेजाऱ्यांचे दोर जागच्या जागी होते.

दादा काठावर दगडावर बसला होता. म्हणाला, "अरे, आलास? यंदा वाराच विचित्र सुटला. कुणाच्याही हिशेबात बसला नसता." मला बसायला जागा केली. मी बसलो. त्याच्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं, कशाचं ते मी विचारलं नाही.

वहिनींनी पाणी आणून दिलं. मी रिकामा पेला परत करताना त्या हळूच म्हणाल्या, "सगळे दोर आत न्यायचं ठरलं होतं, भाऊजी. बोटसुद्धा सांगून ठेवली होती. तुम्ही येऊन गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी यांनी बोटवाल्याला नको म्हणून कळवलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता.

१९ सप्टेंबर

बाद केलेल्या बोयांचे रस्ते काढून नकाशावर मांडले. काम छोटंसं होतं. ते एप्रिलपासून माझ्या कपाटात पडून होते.

एकूण एक दादाच्या खाडीत जातात. वारा नसताना मुखाबाहेर रेंगाळतात, जरा झुळूक आली की दक्षिणेला वळतात. एक तर किनाऱ्याला लागला, उधाणाच्या भरतीने पुन्हा उचलला गेला, आणि परत खाडीतच आला. मीच दिलेलं कारण मी पुन्हा वाचलं: वाऱ्याने ढकलला जातो, रिकाम्या डब्यासारखा. कचऱ्यात रिकाम्या डब्यांशिवाय दुसरं असतं काय! पाण्याखाली लोंबत जाणाऱ्या पिशव्या माझ्या हिशेबाप्रमाणे गेल्या असतील बाहेर. शेवाळ धरून जड झालेलं काही तळाला बसलं असेल. पण बाटल्यांचं अर्धं अंग पाण्याबाहेर असतं, त्यांना शेपूट नसतं. मी पाण्याचा रस्ता शोधत बसलो आणि त्यालाच कचऱ्याचा रस्ता समजलो. हेच बोये दुसऱ्या कुणाच्या खाडीत सापडले असते, तर सगळे एकाच ठिकाणी कसे, असं मी निदान एकदा तरी विचारलं असतं. दादाची खाडी म्हटल्यावर मी मान फिरवून घेतली, आणि त्याला निःपक्षपातीपणा म्हणत राहिलो. फार वाईट वाटतंय. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

२३ सप्टेंबर

दादाला सांगायला गेलो. नकाशा नेला होता. त्याने तो उघडूच दिला नाही. "ठेव तो. वाऱ्याचं काय कुणी सांगावं," असं म्हणून बारकीच्या लहानपणीच्या गोष्टी काढल्या. मी दोनदा विषय आणला, दोनदा त्याने दुसरीकडे नेला. शेजारी तिथेच होता. त्याच्यादेखत दादाला ऐकायचं नव्हतं, की कधीच ऐकायचं नाही, मला कळलं नाही.

८ ऑक्टोबर

आज सभा झाली. खाडीतले लोक तक्रार घेऊन आले होते, दादाही मागच्या रांगेत होता. मी उभा राहून सांगितलं की बांधाची जागा चुकली, चूक माझी आहे, आणि ती कशी झाली. बिनशेपटाच्या बोयांचा नकाशा भिंतीवर लावला. बांध दक्षिणेला हलवावा अशी शिफारस केली.

मागून दादा उभा राहिला. "बाई, त्याचं मनावर घेऊ नका. दोर मी हलवले नाहीत, चूक माझी. बाकीच्यांनी हलवले, त्यांचं काही गेलं का?" खोलीत सगळे त्याच्याकडे बघायला लागले. खाली बसेल असं वाटलं, पण बसला नाही, माझ्याकडे बघत राहिला. आता गप्प बस, असं ते बघणं होतं. मी गप्प बसलो असतो तर सभा तिथेच संपली असती आणि बांध जिथे आहे तिथेच राहिला असता.

मी म्हणालो, "त्याने दोर हलवले नाहीत, कारण कचरा येणार नाही असं मी त्याला सांगितलं होतं. लिहून देतो असंही म्हणालो होतो."

दादा बसला.

ठराव झाला. नंतर बाई कागद आवरता आवरता म्हणाल्या, "तुमचे भाऊ तिथे आहेत हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. तुम्ही दक्षिण म्हणाल असंच आम्ही धरून चाललो होतो. कुणाची हरकत नव्हती." मी हो म्हणालो आणि बाहेर आलो.

पायऱ्यांवर दादा थांबला होता. "वारा फिरला त्याच दिवशी मला कळलं होतं, तू चुकलास ते," म्हणाला. "मी निभावून नेत होतो की. का नाही नेऊ दिलंस?"

"दादा, बांध हलला नसता. पुढच्या वर्षी पुन्हा हेच झालं असतं."

"ते खरंय. बरोबर केलंस तू." मग खालच्या पायरीवर उतरून म्हणाला, "पण मी सगळ्यांना काय सांगत आलो तुझ्याबद्दल. लहानपणापासून." एकाच बसने दोघांना जायचं होतं. तो चालत गेला.

३० नोव्हेंबर

बारकीला शहरात पूर्वीसारखीच नोकरी मिळाली. जाण्याआधी भेटायला आली. मी माफी मागितली. म्हणाली, "काका, मला राग नाही आला. फक्त ते फोन घ्यायला हवे होते तुम्ही." दोन्ही फोन आले तेव्हा थर अजून पातळ होता, निम्मे दोर तरी ओढून नेता आले असते. तिला माणसं हवी होती, ती मी समितीला सांगून पाठवू शकलो असतो. हे तिने सांगितलं नाही, हिने नंतर सांगितलं.

१२ डिसेंबर

बांध दक्षिणेला लागला. फोटोला मी गेलो नाही.

१९ फेब्रुवारी

ही म्हणाली, "तुम्ही जा. त्यांनी बोलवायची वाट बघू नका." म्हणून गेलो.

दादा काठावर नवे दोर पसरून बसला होता. फार नाहीत, जे वाचले त्यांतून जोडलेले. बारकीच्या जागी कुणी नव्हतं. मी न विचारता समोर बसलो आणि गाठी घालायला घेतल्या. लहानपणी त्यानेच शिकवलेल्या, बोटांना अजून येतात. वहिनी दोनदा दारापर्यंत येऊन पाहून गेल्या.

मग त्याने मान वर न करता विचारलं, "यंदा कुठे टाकू?"

मला अपेक्षा नव्हती. "दादा, बांध आता इकडे आहे. त्याने बराच फरक पडेल," मी म्हणालो. "पण वाऱ्याचं पुरतं एक वर्षसुद्धा मी मोजलेलं नाही. आत की बाहेर, मला खरंच सांगता येत नाही."

"अंदाजे?"

"अंदाजेही नको."

तो हातातल्या दोराकडे बघत राहिला. कुणीतरी एखादा खोटा अंदाज दिला असता तरी त्याला चाललं असतं, असं मला वाटलं. पण तो माणूस मी असून चालणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. मग तो उठला, कमरेवर हात ठेवले आणि पलीकडच्या बोटीकडे बघून शेजाऱ्याला हाक मारली, "काय रे, तू यंदा दोर कुठे टाकणार?"

शेजारी काहीतरी ओरडला. आतल्या पाण्यात, असं काहीसं. दादाने हात वर करून ऐकलं म्हणून सांगितलं, खाली बसला, आणि मी घातलेली गाठ एकदा ओढून पाहिली.